मी ओढत नाही

प्रश्न तिने मला विचारला, हाच पहिला घोटाळा. ताई शेजारच्या खुर्चीत बसलेली, पर्स मांडीवर, माझ्या झोपेचा, खाण्याचा, पोट साफ होण्याचा सगळा अहवाल तोंडपाठ करून आलेली, आणि ही नवी डॉक्टरीण, जुना डॉक्टर निवृत्त झाल्यावर त्याच्या खुर्चीत येऊन बसलेली, ताईकडे ढुंकूनही न बघता मला म्हणते, "सिगारेट सोडावी असं तुम्हाला कधी वाटतं का?" तुम्हाला! मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. म्हणजे मीच. इतकी वर्षं या खोलीत येतोय, जुना डॉक्टर तर स्वतःच खिडकी उघडून मला म्हणायचा, ओढा, ओढा, बसा निवांत. त्याने माझी साखर बघितली, वजन बघितलं, हाताची थरथर बघितली, पण धुराबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि ही पोरगी, कानातलं एकच घालून आलेली, बहुतेक दुसरं घाईत राहिलं असावं, मला विचारते की वाटतं का. मला राग आला. मग मी उत्तर देण्याआधी ताईने दिलं. "नको हो, डॉक्टर," ती म्हणाली, अगदी खालच्या, मऊ आवाजात, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तशा. "तेवढंच एक आहे त्याला." आणि मग मला जो राग आला तो पहिल्या रागाच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहिला.

तेवढंच एक. काय पण उदारपणा! माणसाला वेड लागलं की लोक त्याला एकेक गोष्ट माफ करत जातात; नोकरी माफ, लग्न माफ, मतदान माफ, वाढदिवस लक्षात ठेवणं माफ, आणि शेवटी जगणंसुद्धा माफ करून टाकतात. बिचारा. हा शब्द माझ्या नावाच्या आधी इतका लागलाय की नाव गळून पडलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. धडधाकट माणसाच्या हातात सिगारेट दिसली की बायको भांडते, पोरं नाक दाबतात, ऑफिसातला मित्र चुलत्याच्या कॅन्सरची गोष्ट सांगतो. माझ्या हातात दिसली की सगळे आगपेटी शोधतात. आणि गंमत अशी की आजारी पडेपर्यंत मी सिगारेटला शिवलोही नव्हतो. लोक कॉलेजात शिकतात, कँटीनमागे, पोरींसमोर रुबाब करायला. मी शिकलो वॉर्डात. तिथला वॉर्डबॉय, मानेवर मस असलेला, गोळ्यांचा ट्रे घेऊन यायचा आणि शर्टाच्या खिशात पाकीट. गोळी गिळली, तोंड उघडून जीभ वर करून दाखवली, की एक मिळायची. आंघोळ केली की एक. ओरडला नाहीस की एक. मी ओढत नाही म्हणालो तर तो खरोखर गोंधळला. मग तुला काय देऊ, म्हणाला. पुढे दोन-तीन दिवस त्याने मला काहीच दिलं नाही आणि बाकीचे सगळे आवारातल्या बाकावर धूर सोडत गप्पा मारत बसलेले, मी एकटा जाळीपाशी. शेवटी बाकावर जागा हवी म्हणून मी पहिली सिगारेट ओढली. खोकलो, तर सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. बरा झालो असं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि ताई मला घरी घेऊन आली. येताना तिने वॉर्डबॉयला विचारलं, हा ऐकत नसेल तेव्हा तुम्ही काय करता? त्याने सांगितलं. बस्स, तेव्हापासून आमचं घर म्हणजे वॉर्डच. फक्त पडदे बरे.

पाकीट ताईच्या कपाटात, तिच्या साड्यांमागे. सकाळी आंघोळ झाली की ती टॉवेल घ्यायच्या आधी सिगारेट पुढे करते. नाश्त्याची गोळी, सिगारेट. दुकानात जाऊन आलो, सिगारेट. पाहुणे आले आणि मी आतल्या खोलीत शहाण्यासारखा बसलो, तर दोन. दुकान म्हणजे भाऊजींची लाँड्री, खाली, रस्त्याच्या कोपऱ्यावर. मी मागच्या बाजूला डाग काढतो. पुढे गिऱ्हाईक, मागे मी, मध्ये टांगलेल्या कपड्यांची भिंत, त्यामुळे कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. ते बरं आहे. माणसापेक्षा त्याचा कोट खरं बोलतो. मोठमोठ्या लोकांच्या कॉलरी बघा, घामाने पिवळ्या. बाह्या बघा, नाक पुसलेलं. डाग आधी ओळखायचा, तेलाचा की रसाचा की शाईचा, मग औषध, मग वाफ, मग कडेकडून आत यायचं, मधून सुरुवात केली की डाग पसरतो. हे मला जमतं. भाऊजी म्हणतात, डोकं बाकी कसंही असो, हात चांगला आहे. हे वाक्य ते गिऱ्हाइकालाही सांगतात, मला ऐकू जाईल अशा बेताने. त्यांना ते कौतुक वाटतं.

डॉक्टरणीच्या गटात मी गेलो तो तुच्छतेपोटी, दुसरं काही कारण नाही. दर मंगळवारी दुपारी, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फुप्फुसांचं चित्र. एक फुप्फुस गुलाबी, एक काळं. म्हटलं बघू तरी, वेड्यांना शहाणं करायची ही कुठली नवी तऱ्हा. माझ्या शेजारी मास्तर बसायचे, पूर्वी शाळेत भूगोल शिकवणारे, बोटं पार तपकिरी झालेली. त्यांना आवाज ऐकू येतात, दोन माणसं, एक कायम चुका काढणारा. "मी सोडली तर ते मोठ्याने बोलायला लागतील," मास्तर म्हणाले. "सोडून बघितलंय का कधी?" डॉक्टरीण म्हणाली. "नाही." "मग कसं कळलं?" मास्तरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तेच म्हणाले." सगळे हसले, मास्तरही हसले, डॉक्टरीण तर इतकी हसली की तिचा पेन पडला. मला हे आवडलं नाही. हसवून माणसाला गाठतात हे मला माहीत आहे. मग तिने सांगितलं ते मात्र साधं होतं. "तलफ येते, जीव कासावीस होतो, ओढली की बरं वाटतं. तुम्ही समजता आजाराला बरं वाटलं. आजार तिथेच असतो, बरं वाटतं ते तलफेला." असं जर होतं तर इतकी वर्षं मी ज्याला माझं औषध म्हणत होतो ते काय होतं? मी मनात तिला दोन-चार शिव्या घातल्या. जाताना तिने प्रत्येकाला तलफ मारायला दंडावर चिकटवायच्या पट्ट्यांचा डबा दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमची गोळी वेगळी आहे. सिगारेटचा धूर ती शरीरातून भराभर बाहेर काढतो, म्हणून तुमचा डोस आधीपासून मोठा ठेवलाय. धूर बंद झाला की तीच गोळी जड होणार. त्यामुळे सोडायची ठरवलीत तर आधी मला कळवा. न सांगता सोडू नका." मी म्हटलं, "सोडतोय कोण?" ती म्हणाली, "बरं." एवढंच. मागे लागली असती तर मी डबा तिथेच टाकून आलो असतो.

सोडली ती त्याच संध्याकाळी आणि त्याचं श्रेय डॉक्टरणीला नाही, ताईला आहे. मी दुकानातून वर आलो, दार लोटलेलं, आणि ताई स्वयंपाकघरात फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. भांडी आवरत बोलत होती, त्यामुळे आवाज मोठा. "आता कशाला सोडायला लावायची गं? या वयात? माझ्या डोळ्यांदेखत गेला तरी मी सोसेन. पण माझ्यामागे उरायला नको. ह्याचं कोण करणार? हे तर बघायचे नाहीत. नाही, नाही, माझ्याआधीच जाऊ दे त्याला." मग डबा लावल्याचा आवाज, मग "हो गं, डाळ भिजत घातलीय." मी चपला काढल्या. खरं सांगायचं तर धक्का वगैरे काही बसला नाही, कारण हे वाक्य घरात पंख्यासारखं कायमच फिरत होतं, त्या दिवशी फक्त कानावर पडलं. ताई माझ्यावर जीव टाकते. माझ्यासाठी तिने काय काय सोडलं ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, तिनेच सांगितलंय. आणि त्या जीव टाकण्याच्या आत हे बसलं होतं, की मी वेळेवर मरावं. तिच्या आधी थोडा. फार आधी नको, फार नंतर तर मुळीच नको. ती बाहेर आली, मला बघून तिचा चेहरा खुलला, खरोखर खुलला, आणि तिने कपाटातून काढून सिगारेट पुढे केली. "आलास? दमलास का रे? घे."

मी घेतली. मागच्या जिन्यावर गेलो, तिथे खिडकी आहे, आणि काडी ओढायच्या ऐवजी ती अख्खीच्या अख्खी सिगारेट खाली टाकली. इच्छाशक्ती, निर्धार, हे शब्द फुप्फुसांच्या चित्राखाली लिहायला ठीक आहेत. मी नुसता चिडलो होतो. चिडका माणूस बऱ्याच गोष्टी करू शकतो, हे कुणी गटात शिकवत नाही. दंडावर पट्टी लावली, वर पूर्ण बाहीचा सदरा. पहिले काही दिवस जीव इतका कासावीस व्हायचा की दुकानात वाफेच्या बंदुकीचं तोंड मी चावायचा बाकी राहिलो होतो. पण सांगितलं कुणालाच नाही. डॉक्टरणीला सांगितलं असतं तर गटाने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि टाळ्या मी वॉर्डात एकदा ऐकल्या होत्या, पुरे. ताईला सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि का रडते ते मला कळलं असतं. शिवाय आंघोळीनंतर ती दारात हात पुढे करून उभी राहायची, त्या हाताचं मग तिने काय केलं असतं? तो हात मला रिकामा बघवला नसता, हे कबूल करायला मला लाज वाटते. तेव्हा घेत राहिलो आणि टाकत राहिलो. जिन्याच्या खाली वॉचमनचं स्टूल. स्वर्गातून सिगारेटी पडायला लागल्यावर त्याने काय करावं? तो पेटवायचा. धूर वर जिन्यात यायचा, जिन्यातून घरात, आणि ताई आतून समाधानाने म्हणायची, "ओढून झाली की दार लाव रे."

डॉक्टरीण म्हणाली होती तसंच झालं, फक्त मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर. गोळी जड झाली. सकाळी डोळे उघडायचे नाहीत, उशी लाळेने ओली, जीभ तोंडात मावेना. उभा राहिलो की खोली एका बाजूला कलायची आणि छातीत धडधड. शब्द मनात नीट लागायचे, बाहेर येताना पाय ओढत यायचे. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर इस्त्री ठेवली आणि तशीच ठेवली; उभ्या उभ्या झोप. भाऊजी धावत आले, इस्त्री उचलली, पाठीवर तपकिरी त्रिकोण. "अरे, झोपतोस काय! हा कोट कुणाचा आहे माहितेय का?" मग माझ्या हनुवटीवरची लाळ बघून ते एकदम थांबले आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अगं, याचं परत सुरू झालंय!" परत सुरू झालंय. हे चार शब्द की तीन, जे काही असतील ते, ऐकले की आमच्या घरात बॅग खाली निघते.

त्या दुपारी मी ताईला सगळं सांगितलं. आता सांगायलाच हवं होतं, कारण बॅग पलंगावर उघडी होती आणि तिच्यात माझे पायजमे पडत होते. हॉस्पिटलात नेलं की तिथे पहिली गोष्ट काय करणार? डोस वाढवणार. आणि हाच डोस मला उभं राहू देत नव्हता. "ताई," मी म्हटलं, एकेक शब्द उचलून ठेवत, "मी ओढत नाही. म्हणून गोळी जड झालीय. कमी करायला हवी." ती पायजम्याची घडी घालायची थांबली. "काय ओढत नाहीस?" "सिगारेट." "अरे सकाळी माझ्या हातून घेतलीस की!" "घेतली. ओढली नाही." "मग कोणी ओढली?" आता इथे शहाण्या माणसाने काहीतरी बरं उत्तर शोधलं असतं. मी खरं बोललो. "वॉचमनने."

ताईचा चेहरा असा पांढरा पडलेला मी एकदाच बघितला होता, मला पहिल्यांदा नेलं तेव्हा. बाहेरच्या खोलीत जाऊन तिने दवाखान्यात फोन लावला आणि मी भिंतीला धरून ऐकत उभा राहिलो. "हो, फारच वाढलंय. त्याला वाटतंय की त्याच्या सिगारेटी वॉचमन ओढतो. हो, वॉचमन. आणि गोळी कमी करा म्हणतो." मी आतून ओरडलो, "वॉचमनला विचारा!" भाऊजी खरंच खाली गेले, एवढं त्यांच्याबद्दल म्हणायला हवं. वॉचमनने पोराबाळांची शपथ घेतली की तो कुणाची सिगारेट ओढत नाही, ड्यूटीवर तर नाहीच. वर आल्यावर भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. मला हसू आलं. काय करणार, आलं. आयुष्यात एक गोष्ट मी कुणाच्या सांगण्यावरून केली नव्हती, आणि नेमकी तीच वेडाच्या खात्यात जमा झाली. हसलो तर लाळ आणखी गळाली आणि ताईने तोंडात पदर कोंबला. थोड्या वेळाने ती आत आली, माझ्या शेजारी बसली, केसांवरून हात फिरवला आणि स्वतः सिगारेट पेटवून, जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने पेटवून, खोकत माझ्या ओठांपाशी धरली. "घे राजा. बरं वाटेल." मी तोंड फिरवलं. "अहो," ती बाहेर ओरडली, "सिगारेटसुद्धा नको म्हणतोय हो तो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मला दोन्हीकडून धरून नेलं. बॅगही बरोबर. ताईने सगळा अहवाल दिला, कोट, लाळ, वॉचमन, काही सोडलं नाही, शेवटी म्हणाली, "डोस वाढवा नाहीतर ठेवून घ्या." डॉक्टरणीने तिचं सगळं ऐकलं आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुम्ही सांगा." मला तिची ही खोड पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही, पण त्या दिवशी मी त्या खोडीला लोंबकळलो. "सोडली," मी म्हटलं. "न सांगता." तिने कपाटातून मुठीएवढं एक यंत्र काढलं, त्याला पुठ्ठ्याची नळी लावली. दम धरा, म्हणाली, आता सावकाश फुंका, आणखी, आणखी. मी फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. यंत्राने विचार केला. मग तिने ते ताईला दाखवलं, आकडा अगदी खालचा, शेजारी हिरवा दिवा. "हे ओढणाऱ्याचे आकडे नाहीत. काल, आज, यांनी एकही ओढलेली नाही." ताई त्या दिव्याकडे बघत राहिली. "यंत्र चुकत नाही ना?" तिने विचारलं. माझ्याबद्दल तिने कधी कुणाला असं विचारलं नव्हतं. यंत्राचं मात्र लगेच पटलं तिला.

मग डॉक्टरीण माझ्यावर उखडली. चांगलीच उखडली. रक्त काढायला माणूस बोलावला, छातीचा आलेख काढायला सांगितलं, गोळीचा डोस तिथल्या तिथे खाली आणला, आणि हे सगळं करता करता बोलत होती. "मी काय सांगितलं होतं? फिट आली असती तर? हृदयाला काही झालं असतं तर? हुशारी कुणाला दाखवत होतात?" ताई घाबरून म्हणाली, "जाऊ द्या हो, बिचाऱ्याला कळत नाही." "सगळं कळतं त्यांना," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणून तर ओरडतेय." इतकी वर्षं झाली, माझ्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. बिचाऱ्यावर कोण ओरडतं? मी खाली मान घालून बसलो, आणि मला त्या एक कानातलं विसरणाऱ्या बाईबद्दल जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. तुच्छता तर नव्हती.

भाऊजी बॅग घेऊन पुढे दुकानात गेले. आम्ही दोघं बसस्टॉपच्या बाकावर बसलो, मला चालवत नव्हतं. ऊन होतं. ताई बराच वेळ पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "कशाला सोडलीस रे?" मी सदऱ्यावरून दंडावरची पट्टी दाबून बसवली. "मी विचारतेय. कशाला? मी तुला कधी नाही म्हटलं नव्हतं." "म्हणूनच," मी म्हटलं. ती वळली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मी तो फोन ऐकलाय. कसं कळलं कोण जाणे, लहानपणापासून तिला माझं सगळं असंच कळतं. "ऐकलंस तू," ती म्हणाली. "हो." मला वाटलं ती नाकारेल, तसं नव्हतं रे म्हणेल, आणि त्या उत्तराची खिल्ली मी आधीच तयार ठेवली होती. तिने नाकारलं नाही. "मग मी काय करू?" ती म्हणाली. "मी गेल्यावर तुला आंघोळीला कोण पाठवणार?" "मी जाईन." "गोळी कोण देणार?" "घेईन मी." "आणि जेवण?" "ते वाईट होईल," मी म्हटलं. "वाईट खाईन. पण राहीन. तुझ्यामागे राहीन मी, सांगून ठेवतो." शब्द अजून जड येत होते, तरी हे सरळ आलं. मला तिला टोचायचं होतं. ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ताई हमसून हमसून रडायला लागली. बस आली, दार उघडलं, कंडक्टरने आमच्याकडे बघितलं, आणि बस गेली. ती थांबेचना. रडणाऱ्या माणसाच्या हातात काय द्यायचं असतं ते मला कधी शिकवलेलं नाही, माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि मी खिसे चाचपत बसलो.